तपाला बसलेला लाल दिवा

मित्रांनो, मी एक जुना लाल दिवा आहे. दिवा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे समई येईल, कंदील येईल, निदान शंभरचा बल्ब तरी येईलच. तसे काही समजू नका. माझा आकार तुरीच्या दाण्याएवढा. डोके लाल प्लॅस्टिकचे, खाली तारेचे दोन पाय आणि त्यातला एक आखूड. लंगडत चालण्याचा प्रश्न येत नाही, कारण मी चालतच नाही. एका जागी उभा राहून उजेड देणे एवढेच मला येते. शिकलेले लोक मला एलईडी म्हणतात. धुळ्याला देवपुरातल्या एका कॉलेजात, पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत, काचेच्या कपाटात कापसावर मी पडून असतो. कापसाने मला गुदगुल्या होतात. पण मानाने ठेवले आहे, तेव्हा तक्रार करत नाही.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. गॅलियम, आर्सेनिक आणि फॉस्फरस यांच्या एका बारीकशा स्फटिकातून मला घडवले. आर्सेनिक म्हणजे सोमल, चक्क विष! अशा घराण्यातून आलो तरी माझा स्वभाव गोड आहे, हे तुम्हाला पुढे कळेलच. आमच्या जातीच्या पदार्थांना अर्धवाहक म्हणतात. ते विजेला धड मोकळे सोडत नाहीत आणि धड अडवतही नाहीत. माझ्या पोटात वीज आली की इलेक्ट्रॉन टुणकन उडी मारून रिकाम्या जागेत पडतात. पडताना अंगातली जास्तीची ऊर्जा टाकून देतात आणि तीच प्रकाशाचा एक कण होऊन बाहेर येते. एक उडी, एक कण. या कणाला फोटॉन म्हणतात. तुम्ही माझ्याकडे बघता तेव्हा असे अगणित कण तुमच्या डोळ्यात शिरतात आणि तुम्ही नुसते म्हणता, 'लाल दिवा लागला.'

कॉलेजात मी पहिल्यांदा आलो तो एका वीजपुरवठ्याच्या पेटीवर बसून. पेटी चालू आहे की बंद, एवढे सांगायचे माझे काम. काम लहान, पण काय थाट होता! प्रयोग सुरू करण्याआधी प्रत्येक विद्यार्थी आधी माझे तोंड बघायचा. वीज गेली की सगळा वर्ग माझ्याकडे डोळे लावून बसायचा आणि मी उजळलो की आनंदाने ओरडायचा. जणू वीज मीच घेऊन आलो होतो. मीही ते कधी नाकारले नाही.

एका दुपारी ती पेटी जळाली. खोलीभर वास सुटला, पेटी भंगारात गेली आणि मला उपटून एका खणात टाकले. तिथे वाकडे स्क्रू होते, तुटके प्लग होते, एक पेन होते. दिवसेंदिवस कोणी खण उघडत नसे, उघडला तरी मला बाजूला सारून स्क्रू घेऊन जात असे. मित्रांनो, मी तेव्हा फार खट्टू झालो होतो. धडधाकट असून कोणी विचारत नाही, याचे दुःख मोठे असते.

त्या खणातून मला बाहेर काढले ते कौतिक सरांनी. सर शिंदखेड्याकडच्या एका खेड्यातले. बाह्या दुमडलेला सदरा, बोटांना खडू आणि वर्गात शिरताना नेहमी चौकटीला थोपटणारा हात. सारी नोकरी त्यांनी प्रकाश हाच विषय शिकवला. त्यांचा सगळ्यात आवडता धडा एकच. प्रकाशाचा एक कण एकटाच निघाला आणि त्याच्यापुढे दोन बारीक फटी असल्या, तर तो कोणत्या फटीतून जाईल? आपण म्हणू, या नाहीतर त्या. पण असे एकेकटे कण पुष्कळ पाठवले आणि ते पलीकडे कुठे कुठे पडले ते पाहिले, तर उजेडाचे आणि काळोखाचे पट्टे आळीपाळीने उमटतात. दोन्ही फटींची खबर असल्याशिवाय असे पट्टे उमटूच शकत नाहीत. म्हणजे एकट्या कणाला दोन्ही फटी ठाऊक असतात! एवढे सांगून सर थांबत आणि मुलांच्या तोंडाकडे बघत. दर वर्षी कोणीतरी विचारायचेच, सर, तुम्ही हे पाहिलंय का? सर खरे बोलणारे. ते म्हणत, नाही, वाचलंय.

तो 'नाही' त्यांना बोचत होता. तरी निवृत्तीनंतर बघू म्हणून ते पुढे ढकलत राहिले असते. पण त्यांच्या डोळ्यांना काचबिंदू झाला. हा आजार मोठा लबाड. दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेने नजर खात आत येतो. सरांना कळले तेव्हा डावा डोळा गेलेलाच होता आणि उजव्यालाही नळीतून बघितल्यासारखे दिसत होते. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंब टाकून होईल तेवढी जपायची, असे डॉक्टरांनी सांगितले. किती दिवस जपली जाईल, ते मात्र त्यांनाही सांगता येईना.

सरांनी घरी येऊन प्रमिलाबाईंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, आपली इच्छा बोलून दाखवली. "मुलांना आयुष्यभर जे सांगितलं, ते एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघायचंय. मग डोळे गेले तरी चालतील."

"डोळे गेलेले मला चालणार नाहीत," प्रमिलाबाई म्हणाल्या. "पण तुमचं ते बघून घ्या. लवकर बघा."

अशा रीतीने घरातच कारखाना सुरू झाला. जुन्या कपाटाची फळकुटे जोडून सरांनी एक लांबट पेटी केली आणि ती आतून काळी रंगवली. एका टोकाला माझी जागा. माझ्यापुढे एक बारीक चीर, तिच्यापुढे काजळी धरलेल्या काचा, मध्ये दोन फटी आणि दुसऱ्या टोकाला फोटोची फिल्म. काजळीच्या काचा प्रमिलाबाईंनी केल्या. मुलांसाठी त्या जसे घरी काजळ धरायच्या, तशीच रॉकेलच्या चिमणीवर काच धरून त्यांनी धूर बसवला. दोन फटी पाडण्याचे काम सरांच्या नजरेला झेपेना. मग दाढीच्या ब्लेडच्या दोन पत्त्या एकमेकींना चिकटवून प्रमिलाबाईंनीच त्या वेगळ्या, दाट काजळीच्या काचेवरून ओढल्या. बऱ्याच काचा फुकट गेल्या. शेवटी एक ओरखडा असा साधला की सरांनी भिंग लावून बघितला आणि म्हणाले, तुला कॉलेजात घ्यायला पाहिजे होतं. प्रमिलाबाई म्हणाल्या, आधी हात धुऊ द्या.

काजळीच्या काचा कशासाठी, ते सांगतो. मी एरवी कणांची नुसती उधळपट्टी करतो. त्या काचा माझे जवळजवळ सगळे कण गिळून टाकत आणि अगदी थोडे पुढे सोडत. तरी सेकंदाला लाखांनी जात असतील. पण प्रकाश इतका चपळ असतो की पुढचा कण निघायच्या आत आधीचा फिल्मवर जाऊन पोचलेला असे. म्हणजे पेटीत एका वेळी एकच. खोटे कशाला सांगू, कधीमधी दोघे जोडीनेही निघत. माझ्यासारख्या साध्या दिव्याला मोजून एकच कण देणे जमत नाही. सर म्हणत, हरकत नाही, बहुतेक सगळे एकटेच आहेत.

इतक्या मंद उजेडात फिल्मवर चित्र उमटायला बरेच आठवडे लागणार होते. तेवढे दिवस पेटीला धक्का लागता कामा नये आणि बाहेरचा उजेड तर अजिबात नको. देवपुरात हे कसे जमावे? घराला खिडक्या चिक्कार आणि आग्रा रोडवरून ट्रक गेला की कपातला चहा हलायचा. कॉलेजच्या अंधाऱ्या खोलीत मुलांची ये-जा. तेव्हा सरांना त्यांचा जुना विद्यार्थी दलिचंद आठवला. त्याचा फैजपूरला केळीचा व्यापार होता. शेतातून आलेले हिरवे घड पिकवण्यासाठी एका बंद खोलीत रचायचे, वर केळीची पाने झाकायची, धुरी द्यायची आणि दार लावून घ्यायचे. मुदत संपेपर्यंत कोणी दार उघडायचे नाही, उघडले तर माल बिघडतो. अशी त्याची एक जुनी खोली रिकामी पडली होती. जाड मातीच्या भिंती, खिडकी एकही नाही, दाराला आतून गोणपाट. सरांनी विचारले मात्र, दलिचंदाने खोली झाडून दिली आणि वर ट्रॅक्टरची बॅटरीही माझ्या दिमतीला दिली. दसरा झाल्यावर धुळ्याचे फोटोग्राफर मोतीलाल आले, त्यांनी मिट्ट काळोखात हातांनी चाचपून फिल्म बसवली, मला वीज जोडली, पेटीचे झाकण लावले आणि सगळे निघून गेले.

मी कामाला लागलो. खोलीला पिकल्या केळ्यांचा वास मुरलेला होता. बाहेर बैलगाड्यांचे, हमालांचे आवाज येत. मी एकेक कण पाठवत होतो आणि तो पलीकडे जाऊन अलगद टेकत होता. इतक्या शिस्तीने मी आयुष्यात कधी वागलो नव्हतो.

आणि मग दिवाळी आली.

दलिचंदाच्या आई भंवरीबाई या घराच्या खऱ्या मालकीण. घराणे मारवाडातून आलेले जैन, पण त्यांचे माहेर शिरपूरचे, त्यामुळे दारी आलेल्याशी त्या अहिराणीतच बोलत. दिवाळीच्या संध्याकाळी घरातल्या प्रत्येक खोलीत, गोठ्यात, विहिरीवर, धान्याच्या कोठीपाशी पणती ठेवायची ही त्यांची रीत. एकही कोपरा काळोखात राहिला तर लक्ष्मी तिथूनच मागे फिरते, असे त्या मानत. दलिचंदाने केळीच्या खोलीकडे जाऊ नका, असे नोकरांना बजावले होते. आईला सांगायचे मात्र त्याला सुचले नाही, कारण आईला कोणी काही सांगायचे असते ही कल्पनाच त्या घरात नव्हती.

दार उघडले. हातात पणत्यांचे ताट घेऊन भंवरीबाई आत आल्या.

"दिवाळी शे, नि आठेच आंधार कसाले?" असे स्वतःशीच म्हणत त्यांनी एक पणती जमिनीवर ठेवली. निघता निघता त्यांचे लक्ष पेटीकडे गेले. त्यांनी झाकण उचलून आत डोकावले. मी दिसलो असेन, पण काजळीच्या काचेआड माझा उजेड तो काय. पेटीतही काळोख बघून त्यांना वाईट वाटले. त्यांनी एक पणती पेटीत, फिल्मच्या अगदी पुढ्यात ठेवली, हात जोडले, ज्योत विझू नये म्हणून झाकण थोडे किलकिले ठेवले आणि दार ओढून घेतले.

काय सांगू मित्रांनो, मी आंधळा व्हायचा बाकी राहिलो! एका क्षणी मोजून-मापून एकेक कण सोडणारा मी आणि पुढच्याच क्षणी शेजारी ही सोन्यासारखी पणतीबाई, उजेडाची पोती उलटी करणारी. राग यायला हवा होता, पण नाही आला. मी माझे घर पहिल्यांदाच बघत होतो. प्रमिलाबाईंनी पाडलेल्या फटी दिसल्या, सरांनी ठोकलेला वाकडा खिळा दिसला. पणती फार सुंदर होती आणि तिला काहीच माहीत नव्हते. तेल संपेपर्यंत ती मनापासून जळत राहिली.

भाऊबीज झाल्यावर सर, प्रमिलाबाई आणि मोतीलाल फैजपूरला आले. पुरेसे दिवस झाले असतील, एकदा बघू, असा सरांचा विचार होता. मोतीलालांनी त्याच खोलीत फिल्म धुतली. ती कोळशासारखी काळी निघाली; फिल्मला भलता उजेड लागला की असेच होते. मग पेटीत तेलाचा डाग सापडला आणि जळकी वात सापडली. दलिचंद नोकरांना फैलावर घेणार, तेवढ्यात भंवरीबाईच पुढे झाल्या.

"मी दिवा ठेवा, कौतिकभाऊ. दिवाळीमा घरमा आंधार ठेवानी आमनी रीत नही."

सर उंबऱ्यावर बसले. प्रमिलाबाईंनी तोंड फिरवले, कारण वाया गेलेले इतके दिवस कोणाच्या डोळ्यांतून वजा होणार होते, ते त्यांना ठाऊक होते. पण सर हसायला लागले. ते म्हणाले, चूक माझीच आहे, ज्यांच्या घरात काम करायचं त्यांना ते काम काय आहे हे मी सांगितलंच नाही. मग त्यांनी भंवरीबाईंना शेजारी बसवून वर्गात सांगायचे तसे सगळे सांगितले. कण सांगितला, फटी सांगितल्या, पट्टे सांगितले, स्वतःच्या डोळ्यांचेही सांगितले. भंवरीबाईंनी एकच गोष्ट पुन्हा विचारून घेतली, एका वेळी एकच दाणा का? सर म्हणाले, एकच.

"मंग हाऊ दिवा तपले बठेल शे," भंवरीबाई म्हणाल्या. "आते मी कोनलेच आठे येऊ देस नही."

त्यांच्या घरात तपाला मोठा मान. चातुर्मासात घरातले कोणी ना कोणी नुसत्या उकळलेल्या पाण्यावर उपास करत. तपाला बसलेल्या माणसाला कोणी खाण्याचा आग्रह करत नाही, त्याच्याजवळ गलका करत नाही, त्याचे तप मध्येच मोडत नाही. मुदत पुरी झाली की सगळे जमतात आणि थाटाने पारणे होते. माझे काम समजायला त्यांना याहून जास्त काही लागले नाही.

मोतीलालांनी नवी फिल्म बसवली आणि माझे दुसरे तप सुरू झाले. भंवरीबाईंनी दाराबाहेर आपला पाट मांडला आणि जपाची माळ घेऊन तिथेच ठाण दिले. दारापाशी बोलायचे तर कुजबुजत. केळीचे घड आदळायचे नाहीत. निंबा नावाच्या एका ट्रक ड्रायव्हरने भिंतीला टेकून विडी पेटवली, तर त्याची काडेपेटी जप्त झाली आणि माझे तप संपेपर्यंत त्याला परत मिळाली नाही. गावात बातमी पसरली की शेठजींच्या केळीच्या खोलीत एक दिवा तपाला बसला आहे. मग बायका येऊन बंद दारालाच नमस्कार करू लागल्या. कोणी उंबऱ्यावर फूल ठेवले, कोणी नारळ. सरांना कळले तेव्हा ते संकोचले. विज्ञानाचं देऊळ झालं की, असे म्हणाले. पण दार बंद राहत होते, आणि प्रयोगाला तेच हवे होते. मला विचाराल तर आवडले बुवा. खणातल्या स्क्रूंनी माझे हे वैभव बघायला हवे होते.

हिवाळा सरत आला. सर अधूनमधून एसटीने येत, भंवरीबाईंकडे चौकशी करत, दाराला हात लावून परत जात. एकदा ते आले ते खरचटलेला गुडघा घेऊन. फैजपूरच्या स्टँडवर उतरताना त्यांना बसची पायरीच दिसली नव्हती. प्रमिलाबाई बरोबर होत्या. त्यांनी दलिचंदाला बाजूला घेऊन सांगितले की जेवताना यांना ताटातली भाकरी दिसते, पण शेजारची वाटी दिसत नाही. आता थांबू नका, पेटी उघडा. दलिचंद सरांकडे आला. सर म्हणाले, आज उघडली तर कदाचित पुसट काही दिसेल, कदाचित काहीच दिसणार नाही. एकदा फिल्म धुतली की संपले. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

"आणि आपण थांबलो, पण तुमचे डोळे थांबले नाहीत तर?" प्रमिलाबाईंनी विचारले.

मी दाराआड सगळे ऐकत होतो. मला जोरात पेटता आले असते तर मी पेटलो असतो. पण जोरात पेटणे हेच माझ्या कामात बसत नव्हते.

सर म्हणाले, "तर तू बघ. मला सांग."

"मी नाही सांगणार. तुम्हीच बघायचं," असे म्हणून प्रमिलाबाईंनी पदराने डोळे पुसले. भंवरीबाईंनी त्यांचा हात धरला आणि पाटावर आपल्याजवळ बसवून घेतले. दार बंदच राहिले.

पारण्याचा दिवस ठरला तेव्हा थंडी कमी झाली होती. भंवरीबाईंनी लापशी केली, शेजाऱ्यांना बोलावले, अंगणात रांगोळी घातली. मोतीलाल आपल्या बशा, बाटल्या आणि फोटो मोठा करायचे यंत्र घेऊन आले होते. त्यांनी काळोखातच चाचपून मला पेटीतून सोडवले आणि मी सरांच्या सदऱ्याच्या खिशात. ज्याचे काम त्याने बघायला हवे, असे सरांचे म्हणणे. सदऱ्याचे कापड विरळ होते, त्यामुळे मला सगळे दिसत होते.

दार लावून मोतीलाल आत राहिले. मग आतून त्यांचा आवाज आला, "सर, पट्टे आलेत."

अंगणात एकच गलका झाला. मोतीलालांनी ओली फिल्म आणून सरांच्या हातात दिली. सरांनी ती उजेडाकडे धरली, जवळ घेतली, लांब नेली. पट्टे फार बारीक होते. त्यांना नुसते राखाडी दिसत होते. त्यांच्या छातीतली धडधड मला खिशात ऐकू येत होती, ती एकदम मंदावली. मोतीलाल म्हणाले, थांबा, मी मोठा करून देतो. ते पुन्हा आत गेले आणि त्यांच्याजवळच्या सगळ्यात मोठ्या कागदावर त्यांनी तो फोटो छापला. पाणी निथळणारा तो कागद प्रमिलाबाईंनी दोन्ही हातांनी सरांपुढे धरला.

मी बघितले. पांढरा पट्टा, काळा पट्टा, पुन्हा पांढरा, पुन्हा काळा. मी पाठवलेले ते सगळे एकटे कण किती शहाण्यासारखे ओळीत बसले होते! सरांनी मान पुढे काढून कागदाकडे बघितले. मोतीलालांनी प्रेमाने फोटो मोठा केला खरा, पण नळीतून बघणाऱ्या नजरेत आता जेमतेम एकच पट्टा मावत होता.

"काय दिसतंय?" प्रमिलाबाईंनी विचारले.

"काळं," सर म्हणाले. थोड्या वेळाने हळूच म्हणाले, "हा काळोख फोटोतला आहे की माझ्या डोळ्यातला, तेच कळत नाही."

प्रमिलाबाईंनी कागद हळूहळू एका बाजूला सरकवायला सुरुवात केली. सरांच्या चेहऱ्यावर काहीतरी हलले. त्यांनी हात वर केला. कागद थांबला. मग त्यांनी पुढे घे अशी खूण केली, मग मागे, मग परत पुढे. पांढरे आले, गेले, काळे आले, पुन्हा पांढरे आले. माझ्या कानाशी धडधड वाढत गेली.

"हा काळोख फोटोतलाच आहे," सर म्हणाले. "माझ्या डोळ्यातला असा पुढे उजळत नाही."

आणि ते हसले. प्रमिलाबाई हसत होत्या की रडत होत्या, ते ओल्या कागदाआड मला दिसले नाही. भंवरीबाईंनी जवळ येऊन विचारले, "दिसनं का, भाऊ?"

वर्गात सदैव प्रमाण मराठी बोलणारे सर आपल्या गावच्या बोलीत म्हणाले, "दिसनं, अक्का. बठ्ठं दिसनं." बठ्ठं म्हणजे सगळे.

मग पारणे झाले. तप माझे, म्हणून लापशीचा पहिला घास भंवरीबाईंनी माझ्यापुढे ठेवला. मी काय खाणार! तो निंबाने खाल्ला आणि त्याला काडेपेटीही मिळाली. पाहुणे आळीपाळीने फोटो बघत होते. भंवरीबाई प्रत्येकाला समजावत होत्या की एकेकटा दाणा गेला, तरी रांगोळी भरली ती दोन्ही फटींची. याहून चांगले कोणी सांगितलेले मी अजून ऐकलेले नाही.

तो फोटो पुढे देवपुरातल्या वर्गात लागला. त्या वर्षी मुलांनी नेहमीचा प्रश्न विचारला तेव्हा सरांनी खिशातून मला काढले आणि म्हणाले, हो, पाहिलंय, यानेच दाखवलंय. मला तोंड कुठे लपवावे कळेना. पण लपवले नाही. सरांची नजर त्यानंतर दोनेक वर्षांत पूर्ण गेली. तरी ते वर्गावर यायचे. फोटोपाशी उभे राहून बोट सरकवत शिकवायचे, बोट काळ्या पट्ट्यावर आहे की पांढऱ्या ते मुले ओरडून सांगायची आणि सगळ्यांची मोठी मजा चालायची. पुढे सर गेले, फोटो पिवळा पडला, मी पुन्हा एका खणात गेलो आणि बरीच वर्षे मला कोणी विचारले नाही. मग त्यांच्याच एका विद्यार्थिनीने मला शोधून या कपाटात आणले.

हल्लीच तिने मुलांना एक गोष्ट सांगितली, ती ऐकून मी कापसावरच उडालो. आता म्हणे आमच्याच जातीच्या अर्धवाहकाची एक तार वाढवतात. इतकी बारीक की तुमच्या केसात तशा शेकडो मावतील. त्या तारेत मधोमध दुसऱ्या अर्धवाहकाचा एक इवलासा ठिपका ठेवतात. त्याला क्वांटम ठिपका म्हणतात. त्या ठिपक्यात जागा इतकी कमी की इलेक्ट्रॉनाला उडी मारायची तर ठरलेल्या जागेतच मारावी लागते आणि त्याला टोचणी दिली की तो एकच फोटॉन देतो. जोडीने दोघे पाठवायची सोयच नाही. आणि पाटातले पाणी जसे इकडे तिकडे न सांडता शेतात जाते, तसा तो फोटॉन तारेच्या आतून नीट टोकाशी येतो. गुप्त निरोप पाठवायला असा एकटा कण फार उपयोगी, कारण वाटेत कोणी हात लावला तर लगेच कळते. मला हेवा वाटला का? मुळीच नाही. मला काजळी, काचा, बंद खोली आणि दाराशी भंवरीबाई लागल्या तेव्हा कुठे जे थोडेफार जमले, ते हे पोर जन्मतःच करते. घराण्यात असे कोणी निघाले की म्हाताऱ्यांना बरेच वाटते.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू खणात टाकण्याआधी एकदा उलटून बघा, एवढे तर मी सांगणारच. पण माझी खरी विनंती दुसरी आहे आणि ती सर प्रत्येक वर्गाला शेवटच्या तासाला करायचे. तुमच्या घरात कोणी पायरी चुकत असेल, ताटातली भाकरी दिसून शेजारची वाटी दिसत नसेल, तर वय झालं म्हणून हसून सोडू नका. त्यांना दुखत नाही, म्हणून ते सांगणार नाहीत. त्यांचा हात धरा आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन जा. सरांना एक फोटो बघण्यापुरती नजर पुरली. तुमच्या आजीला, आबांना अजून तुम्हाला मोठे झालेले बघायचे आहे.